शेळी चारायची कुठे?

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री अकराच्या सुमाराला फोन वाजला. ‘जयभीम दादा, झोपला नव्हता ना?’ मुलगा किनवटकडचा. बाप सालगडी, पोराने समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरीला लागला. अन्नसुरक्षा व उपजीविका कार्यक्रमाचा समन्वयक म्हणून तो ओडिशात होता. त्या सकाळी वरून मेल आला होता, आजपासून काम थांबवा. खरेदी नको, प्रवास नको, गावात बैठकही नको. गावोगावच्या बायकांना कोंबड्यांची पिल्ले देतो म्हणून याने शब्द दिलेला. ‘आता त्या गावांत कुठल्या तोंडानं जाऊ?’ एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

पुढचे आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. १९६१ पासून चालत आलेली यूएसएड १ जुलै २०२५ रोजी परराष्ट्र खात्यात विलीन होऊन संपली. जगात कितीतरी ठिकाणी गोदामातले धान्य गोदामात राहिले. वॉशिंग्टनमधल्या एका सहीने ओडिशातल्या बाईची कोंबडी गेली. त्या बाईला ना ती सही दिसली, ना ती कोणाकडे दाद मागू शकली.

मुलाला मी धीर दिला. पण फोन ठेवताना त्याने विचारले, ‘दादा, तुम्ही पण हेच काम केलंय ना? तुमचा प्रोजेक्ट संपल्यावर गावात काय उरलं?’ रात्री उत्तर सुचले नाही. ते आज लिहितो आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ वाचकांना आठवत असेल. जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या आणि मराठवाडा टँकरवर जगत होता. त्या वर्षी एका मोठ्या परदेशी संस्थेला तालुक्याची माहिती असलेला, सरकारी कागद वाचता येणारा माणूस हवा होता. मी तेव्हा तालुका कोर्टात अॅट्रॉसिटीची आणि जमिनीची प्रकरणे चालवत होतो. अशिलांकडून फी मिळण्याची वर्षे ती नव्हेत. काळा कोट खुंटीला टांगला आणि जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक झालो. बत्तीस गावे, पावणेतीन वर्षांची मुदत, मार्च २०१६ ला समाप्ती.

घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, ‘म्हंजी सुकडीवाला झालास म्हण की.’ आई १९७२ साली पंधरा वर्षांची होती. पाझर तलावावर खडी फोडायची, मजुरीबरोबर सुकडी मिळायची. मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी तिने खाल्ल्या आहेत. अमेरिकेने १९५४ साली पी.एल. ४८० हा कायदा केला आणि तिथले जादा झालेले धान्य आपल्यासारख्या देशांकडे वळवले, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. तिला एवढेच ठाऊक की सुकडी आली तशी गेली. पण त्याच दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यानंतर आई आणि तिच्या वस्तीतल्या बायका तहसीलवर मोर्चा नेऊन ‘काम द्या’ म्हणून बसू शकत होत्या. सुकडीसाठी मोर्चा काढता येतो हे त्यांच्या कधी मनातही आले नाही.

कार्यालयात पहिल्या दिवशी माझ्या हातात लॉगफ्रेम पडली. या क्षेत्रातली ही गीताच म्हणा. आडव्या ओळींत ध्येय, उद्दिष्ट, फलित आणि कृती, उभ्या रकान्यांत निदर्शक, पडताळणीचे साधन आणि गृहीतके. ‘पाऊस वेळेवर पडेल’ हे एक गृहीतक. ‘गावातील सर्व समाजघटक सहकार्य करतील’ हे दुसरे. मराठवाड्याचे हवामान आणि मराठवाड्याचे गाव अशा दोन ओळींत निकाली निघाले होते.

कार्यक्रम चालवणे म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. गावात जाण्याचे दिवस महिन्यात दहा, बाकीचे कागदाचे. निधीची प्रत्येक ओळ ठरलेली. बियाण्याच्या ओळीतला पैसा शेळीला वापरायचा तर आधी परवानगी. तिमाही अहवाल, खर्चाची पावती न् पावती, वर्षाचे ऑडिट. खर्च किती वेगाने होतो त्याला तिथे ‘बर्न रेट’ म्हणतात, म्हणजे पैसा जळण्याचा वेग. पैसा कमी जळला तर व्यवस्थापक नालायक ठरतो. म्हणून मार्च जवळ आला की आठवडी बाजारात एकदम शेळ्या घ्यायच्या. व्यापारी हुशार, भाव चढवतात. उस्मानाबादी म्हणून दुसरेच जनावर गळ्यात मारतात. शेळीच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकायचा आणि ती मेली तर तो बिल्ल्यासकट कान विमा कंपनीला दाखवायचा. भुकेवरच्या चर्चा हॉटेलात जेवणावळी घालून होतात अशी टिंगल आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. मी ती करणार नाही, कारण त्या पंगतीत मीही जेवलो आहे. त्या संस्थेत प्रामाणिक माणसे होती. चोरी झाली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पण यादी कुठे बसून होते?

गावाचा सामाजिक नकाशा काढायची एक पद्धत आहे. गावकऱ्यांनी एकत्र बसून जमिनीवर रांगोळीने घरे काढायची आणि कोण सधन, कोण गरीब ते एकमताने ठरवायचे. पद्धत चांगली आहे. पहिल्या गावात आमच्या कार्यकर्त्यांनी ती मारुतीच्या पारावर भरवली. आपल्या वस्तीतले चार पुरुष लांब उभे राहिले, बायका आल्याच नाहीत. एकमताने यादी झाली. आपल्या वस्तीतली तीच घरे यादीत आली, ज्यांचे पाटलाशी बरे होते. दुसऱ्या बैठकीला मी जागा बदलून बुद्धविहार घेतला, तर पाराकडचे कोणी फिरकले नाही. शेवटी प्रत्येक गावात दोन नकाशे काढायचे आणि ताळा घालायचा असे ठरवले. त्यावर मुंबईहून लेखाधिकाऱ्यांची विचारणा आली, एकाच कामासाठी चहाची दोन बिले का? उत्तरात मी गावाच्या नकाशाचीच प्रत पाठवली. बिल मंजूर झाले, एवढे मान्य केले पाहिजे.

ही माझ्या तालुक्यापुरती गोष्ट नव्हती. डॉ. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाच राज्यांतल्या ५३१ गावांचा आहे, त्यात महाराष्ट्र नाही. शाळेतले जेवण आणि रेशन दुकान या दोन्ही सरकारी योजना सवर्णांच्या आळीत भरतात आणि तिथवर पोहोचतानाच दलित मागे पडतो, हे त्यात गावोगावच्या माहितीने दाखवले आहे. मात्र सरकारी योजनेच्या बाबतीत कोर्ट होते. पीयूसीएलच्या २००१ च्या अन्न अधिकार याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी योजनांना हक्काचे रूप दिले. २० एप्रिल २००४ च्या आदेशात शाळेच्या स्वयंपाकासाठी दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असे सांगितले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्य मिळाले नाही तर भत्ता मागण्याची तरतूद आहे. अंमल कसा होतो ते वकिलाला शिकवू नये. पण हातात धरायला कागद आहे.

संस्थेच्या कार्यक्रमात तो कागद कुठे होता? निधी देणारा आणि संस्था यांच्यातला करार मी वकिलाच्या डोळ्यांनी वाचला. जो करारात पक्षकार नाही, त्याला कराराच्या आधारे दावा लावता येत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. करारात ‘लाभार्थी’ हा शब्द पानोपानी होता. पक्षकारांच्या यादीत तो कुठेही नव्हता.

बाबासाहेबांनी हे १९३२ सालीच ओळखले होते. अस्पृश्यता निवारणासाठी निघालेल्या संघाचे चिटणीस ठक्कर यांना त्यांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. व्यक्तीचे दोष सुधारण्यापेक्षा पाणवठे, शाळा आणि सार्वजनिक जागांवरचे हक्क मिळवून द्या, आणि कामाला शक्यतो अस्पृश्यांतूनच माणसे घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे संघाच्या मंडळावर अस्पृश्यांना जागा मिळावी अशी मागणी झाली. तेव्हा मिळालेले उत्तर त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. पैसा हिंदूंनी दिलेला, प्रायश्चित्त हिंदूंचे, तेव्हा कारभारही हिंदूंचाच. आजच्या परदेशी संस्था प्रायश्चित्त हा शब्द वापरत नाहीत. कारभाराचा नियम मात्र तोच राहिला आहे.

आता गायरानाची गोष्ट सांगतो, कारण मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे.

आमच्या कार्यक्रमाचे दोन भाग होते. जमीन असलेल्या छोट्या शेतकऱ्याला बियाणे, बांधबंदिस्ती आणि विहिरीतला गाळ काढून देणे. भूमिहीनाला दोन शेळ्या आणि पाच दिवसांचे प्रशिक्षण. शेतकरी कोण? ज्याच्या नावाचा सातबारा आहे तो. त्या बत्तीस गावांत आपले कितीतरी लोक तीस-तीस वर्षे गायरान कसत होते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाची ती परंपरा. दगड वेचले, मार खाल्ला, पिके पेटवली गेली तरी जमीन सोडली नाही. ज्वारी, तूर काढत होते. पण सातबाऱ्यावर सरकार. म्हणून आमच्या यादीत ते सगळे भूमिहीन ठरले.

एका गावात शेळीवाटपाच्या दिवशी एक मावशी दोरी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ‘साहेब, शेळी दिली, चांगलं केलं. पण चारायची कुठं? गायरानातच ना? तिथनं तर आम्हाला हाकलतेत.’ फोटो काढणारा मुलगा तिला हसायला सांगत होता.

मी वर लिहिले, गायरान कसणाऱ्यांनाही शेतकरी धरा. उत्तर आले की वादातल्या जमिनीवर मालमत्ता उभी करता येणार नाही, निधी देणाऱ्याला ते चालणार नाही. मला ते पटलेही होते. उद्या अतिक्रमण उठले तर बांधाचा खर्च वाया. पण कोर्टाची सवय असते म्हणून मूळ इंग्रजी दस्तऐवज मागवला. त्यात ‘मालक’ असा शब्दच नव्हता. जमिनीचा वापर करणारी कुटुंबे, असा त्याचा अर्थ होत होता. मराठी करताना राज्य कार्यालयात कोणीतरी ‘जमीनधारक’ केले आणि तालुक्याला येईपर्यंत त्याचा ‘सातबाराधारक’ झाला. परदेशातल्या देणगीदाराला शिव्या घालायला आपण टपलेले असतो. इथे कुलूप लावणारा हात आपल्याच मातीतला होता. मुद्दाम लावले असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सातबारा आहे, त्याला शेतकरी म्हटल्यावर दुसरे काही सुचतच नाही.

शब्दाचा कीस काढल्यावर तडजोड निघाली. बांध नाही, विहीर नाही, बियाणे मात्र द्या, आणि कसत असल्याचा पुरावा घ्या. पुरावा कोणता? तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. त्यात नाव असणे म्हणजे सरकारच्या लेखी गुन्हेगार असणे, आणि तेच नाव आपल्या माणसाचा एकमेव आधार. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष सुरू झाले ती तारीख. त्या तारखेपूर्वीची नोंद किंवा दंडाची पावती ज्याच्याकडे, त्याला बोलायला जागा. दंड भरल्याची पावती जपून ठेवणारा शेतकरी जगात दुसरीकडे असेल असे वाटत नाही.

बियाण्याच्या निमित्ताने आम्ही एक-ईच्या नकला मागायला सुरुवात केली. तलाठी देईना, तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले. फॉर्म भरायला कार्यक्रमातल्याच मुली, झेरॉक्सचा खर्च ‘लाभार्थी निवड’ या ओळीत. नकला आल्या, प्रत्येक घराला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. पेरणी झाली. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी पावसाने दगा दिला. बियाणे बहुतेक मातीतच गेले.

एका गावात तलाठी शेवटपर्यंत बधला नाही. अकरा घरे होती. पहिले अपील करायला हवे होते. पण तिमाही अहवालाची तारीख आठवड्यावर होती, बियाण्याचा आकडा भरायचा होता. मी त्या अकरा घरांकडून सरपंचाचा दाखला घेतला आणि बियाणे वाटून टाकले. अहवालात आकडा शंभर टक्के झाला. अपिलाची मुदत निघून गेली.

शेवटची पाहणी २०१६ च्या सुरुवातीला झाली. घरात सात दिवसांत काय शिजले ते विचारून गुण देतात. धान्याला दोन, डाळीला तीन, भाजी-फळाला एकेक, दुधाला चार, मांस-मासळी-अंड्याला चार, तेल-साखरेला अर्धा. खाल्लेल्या दिवसांनी गुणायचे. बेरीज पस्तीसच्या वर गेली तर घर सुस्थितीत, एकवीसपर्यंत राहिली तर उपाशी. आमच्या वस्त्यांची बेरीज पहिल्या पाहणीपेक्षा खाली आली. दुष्काळ हे कारण होतेच. पण मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला होता. पहिल्या पाहणीत ‘मोठ्याचं आणलं होतं’ असे मोकळेपणाने सांगणारी बाई आता वहीकडे बघून गप्प बसत होती. स्वस्तातले चार गुणांचे अन्न ताटातून गेले, आणि ज्याच्या ताटात होते त्यानेही ते तोंडाने सांगायचे बंद केले. अहवालात मी हे एका परिच्छेदात लिहिले. छापून आलेल्या प्रतीत तो परिच्छेद नव्हता. ‘प्रतिकूल हवामान’ एवढे राहिले.

मार्च २०१६ मध्ये कार्यालयाच्या खुर्च्या यादीप्रमाणे परत गेल्या. मी पुन्हा कोट चढवला.

त्यानंतर हे क्षेत्रच बदलले. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि एका संस्थेने परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. मोठ्या संस्थेच्या सावलीत गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या लोकांच्या लहान संस्थांचे त्याने कंबरडे मोडले. त्यांना थेट निधी कोण देणार? त्यांच्याकडे इंग्रजीत अहवाल लिहिणारा माणूस नसतो. तेव्हा ओडिशातल्या मुलासारखी जी आपली मुले-मुली मोठ्या संस्थांत टिकून आहेत, त्यांना माझे सांगणे आहे की मुदत किती आहे ते पहिल्या दिवशी विचारा. त्या मुदतीत शेळी द्या, बियाणे द्या, ती तुमची नोकरीच आहे. पण त्याच फेरीत रेशनकार्डातले गाळलेले नाव, जातीचा दाखला, एक-ईची नक्कल, जे काही सरकारच्या दप्तरात त्या घराच्या नावाने उमटवता येईल ते उमटवून घ्या. खर्च कुठल्या ओळीत टाकायचा ते सापडते. मला सापडले होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि नोव्हेंबरात गावोगाव नोटिसा निघाल्या. माझ्या ऑफिसात लोक येऊ लागले. हातात त्याच प्लास्टिकच्या पिशव्या. सात वर्षांपूर्वीच्या नकला आत जशाच्या तशा. शेळ्या कधीच विकल्या होत्या, बियाण्याचे नाव कोणाला आठवत नव्हते. त्या नकला जोडून मी एकेका नोटिसीला उत्तर दिले.

मग त्या अकरा घरांतला एक म्हातारा आला. ‘वकीलसाहेब, तुमच्या त्या फायलीत आमचं नाव हाय का?’ होते. बियाणे वाटताना त्यांच्याच शेतात उभे करून फोटो काढले होते, तारखेसकट, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. १९९० पूर्वीचा ताबा त्याने सिद्ध होणार नव्हता, पण सलग ताबा दाखवायला उपयोग झाला असता. मी संस्थेला पत्र लिहिले. दोन महिन्यांनी सभ्य भाषेत उत्तर आले. लाभार्थ्यांची माहिती गोपनीय असून करारानुसार ती त्रयस्थ व्यक्तीला देता येत नाही.

अकरा जणांच्या सह्यांनिशी पुन्हा पत्र पाठवले, माहिती आमचीच आहे, आम्हालाच द्या. त्याला उत्तर आले नाही.

म्हाताऱ्याने घरची पत्र्याची पेटी उपसली आणि तळातून दंडाची एक पावती काढून आणली. तलाठ्याची सही दिसते, रक्कम दिसते, गट नंबर दिसतो. साल लिहिले आहे तिथे कसरीने खाल्ले आहे. पहिले दोन आकडे वाचता येतात, एक आणि नऊ. ती पावती मी तहसीलदारांसमोर दाखल केली आहे आणि मूळ नोंदवही तपासायची मागणी केली आहे.